लायब्ररी सापडली नाही

मांडवातल्या सुकलेल्या झेंडूचा वास आला की मला किरनापूरचं ते लग्न आठवतं. घशाच्या ऑपरेशनमुळे मित्राच्या वडिलांचा, म्हणजे काकांचा, आवाज गेला होता, आणि पाठवणीच्या वेळी त्यांना मुलीशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून आम्ही दोघांनी बालाघाटला माझ्या लॅपटॉपवर, टाइप केलेलं बोलून दाखवणारा प्रोग्राम तयार केला होता. तिथे तो छान बोलला. लॅपटॉप बालाघाटलाच राहिला होता, आणि काकांच्या कॉम्प्युटरवर मात्र 'लायब्ररी सापडली नाही' एवढंच येत राहिलं. "काहून चालत नाही बे?" मित्र रडवेला झाला. बाहेर गाडी सुरू झाली, मुलगी वडिलांच्या पाया पडली आणि गेली. दुसऱ्या दिवशी चूक सापडली: प्रोग्रामचे तुकडे जोडताना लिंकरने आवाजाच्या लायब्ररीचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या तयार फाइलचा, माझ्या लॅपटॉपवरचाच पत्ता त्यात नोंदवला होता. ती लायब्ररी आणून प्रोग्रामशेजारी ठेवली, प्रोग्रामला ती तिथेच शोधायला सांगितलं, आणि तो चालला. "फोनवर ऐकवा न काका तिले," मी म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवून सावकाश टाइप केलं, आणि ओसरीवर सपाट आवाज उमटला, "डोक्यावर हात ठेवून सांगायचं होतं तिले." प्रोग्राम चालल्याचा आनंद मला तेव्हाही झाला नाही, आजही होत नाही.