जत्रेच्या दिवशीची लाईट

भुताखेतांवर माझा कवाच विश्वास नव्हता. भुतांचाबी माझ्यावर नसंल... वाडीतल्या माणसांचाच न्हाई, तर भुतांचं काय घेऊन बसलाय. शाळा मी बाहेरनं बघितलीया. हे मोबाईलात बोलून लिवतोय, चुकलं तर मोबाईलला बोला.

आमची वाडी सातारा जिल्ह्यात, जावळीत. नाव सांगत न्हाई, पुढं कळंल का ते. तीन बाजूंनी कोयनेचं बॅकवॉटर, चौथीकडं डोंगर. यायचं तर लाँचनं. सरकारी तारा काय हितवर आल्या न्हाईत, म्हणून एकवीस घरांनी मिळून सोसायटी केली. घरटी एक सभासद, घरटी एक मत. वरनं झऱ्याचं पाणी पायपातनं खाली टर्बाइनवर पडतं, की झाली लाईट. त्या खोलीची किल्ली माझ्याकडं. ऑपरेटर मी. कसा झालो? मीटिंगला झोपलो व्हतो, जागा झालो तवा निवड झालती.

पर किल्ली कमरेला लागली आन् लोक मला किसनराव म्हनाय लागलं. त्याआधी किसन्या व्हतो.

गेल्या साली जत्रेच्या आधी मीटिंगला चुलतभाऊ संभा उठला. "ह्यो पाणी सोडाय इसरतो, खटका लावाय इसरतो. जत्रेला पाव्हणं येणार. पुरणाचं मशीन, चक्की, स्पीकर... लाईट गेली तर वाडीची लाज जाईल. किल्ली मला द्या."

मी म्हनलो, "पाव्हण्यांची लाँच परत जाईस्तोवर एकदाबी लाईट गेली, तर किल्ली तुझी."

बायको मागनं म्हनली, "आवं, इचार करून तरी बोलायचं." मत घेतलं. सगळ्यांचं हात वर. बायकोचाबी, मत नसताना.

जत्रेदिशी सकाळी रोजच्यासारखा वर झऱ्यावर गेलो. पायपाच्या तोंडाशी पाण्याचं दार बंद केलं, जाळीतला पाला काढाय लागलो. तेवढ्यात खालनं बायकोची हाळी — पाव्हण्यांची लाँच दिसाय लागलीया. पळत खाली आलो, खोलीतला खटका वर केला. लाईट आली. टोपी सारखी केली आन् धक्क्यावर गेलो.

काय दिवस गेला म्हनून सांगू... चक्की, मशीन, स्पीकर, सगळं एकदम चालू. एरवी चक्की लावली की दिवं मिणमिणत्यात. त्या दिशी हललं न्हाईत. आमचं दाजी कुपवाडला कारखान्यात हायत. ते म्हनलं, "किसनराव, आमच्याकडंबी असा करंट नसतो." मी छाती काढून हिंडलो, दोन पोळ्या जास्त हाणल्या. संभा मातूर सारखा दिव्याकडं बघायचा. जेवलाबी न्हाई.

दिवस कलायच्या आत लाँच गेली. मी किल्ली वाजवत वर गेलो, बघतो तर... पाण्याचं दार बंद. सकाळी मीच केलेलं. उघडाय इसरलो व्हतो. पायपाचं तोंड कोरडं ठाक, आत एक खेकडा बसलेला. आन् खाली टर्बाइनची घरघर चालूच.

काय सुचंना, म्हनून दार उघडलं. पाणी धाडधाड खाली गेलं... आन् लाईट गेली.

मागं पाला वाजला. संभा.

"लाँच गेली न्हवं?" मी आधी त्येच इचारलं.

"गेली." त्यो मटकन दगडावर बसला. "किसन्या, मी सकाळी हितं आलतो रं. दार बंद बघितलं. म्हनलं गप बसायचं, आता पाच मिनटात लाईट जातीया. दिवसभर वाट बघतोय."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगू? लाईट चालू व्हती की."

दोघं मंग जे हसाय लागलो... पोट दुखाय लागलं, डोळ्याला पाणी आलं. खाली जाऊन खटका पाडून वर केला, लाईट परत आली. संभाला घरी नेऊन पोळी वाढली. पाच खाल्ल्या गड्यानं.

मागनं दाजींना आडवळणानं इचारलं. ते म्हनलं, पायपात पाणी ऱ्हायलं असंल. ऱ्हाईल की, पर घडीभर. दिवसभर कसं? बॅटरीबी आमच्याकडं न्हाई. एकदा आमी दोघांनी मुद्दाम दार लावून बघितलं, तर लाईट तवाच गेली आन् चक्कीवरच्या बायकांनी माझा उद्धार केला.

आता रोज दोघं वर जातो. मी दार उघडतो, संभा उघडलं का बघतो. पाणी सोडाय आता इसरत न्हाई, आन् चक्की लावली की दिवं मिणमिणत्यात. वाडीत आजून कुणाला म्हाईत न्हाई. सभासद सारखं म्हनत्यात, "किसनराव, त्या दिशी काय केलंतं? जत्रेसारखी लाईट द्या की एकदा."

मी काय केलतं, ते कसं सांगू त्येंना.