सदक्याचे तांदूळ

आमचे हे, मुनाफ, बहरैनमध्ये साळुंक्या पकडतात. हसू नका. कंपनीची नोकरी आहे, युनिफॉर्म आहे. आपल्याकडच्या ह्या साळुंक्या कुणीतरी हौसेनं इथं आणल्या, त्या पिंजऱ्यातून सुटल्या आणि बेटभर झाल्या. इथल्या बुलबुलांना घरट्यांतून हुसकतात. म्हणून हे जनाबियातल्या बंगल्यांत सापळे लावतात. धरलेली साळुंकी सोडायची नाही, गॅसनं मारायची. रत्नागिरीत पायाखाली मुंगी आली तरी हळहळणारा हा माणूस! घरी आले की आधी हात धुतात, मगच फहादला जवळ घेतात.

फहाद आमचा धाकटा. त्याच्या हृदयाला छिद्र आहे, ऑपरेशन व्हायचंय. आजाऱ्याच्या नावानं सदका काढायची आमच्या घरची रीत. तांदूळ त्याच्या डोक्यावरून उतरवायचे आणि पाखरांना घालायचे. हिद्दच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दर जुम्म्याला मी ते घालत होते. आणि गच्चीवर पाखरं कुठली, तर साळुंक्याच!

"अगं, मी तिकडं कमी करतो, तू इकडं वाढवतेस," हे म्हणायचे.

"पोराच्या जिवापुढं तुमची कंपनी मला सांगू नका," मी फटकारायचे.

व्हायचं तेच झालं. गच्ची घाणीनं भरली, एसीच्या मागं घरटी झाली. मालकानं तक्रार केली आणि काम आलं ह्यांच्याच कंपनीकडं. सुपरवायझर म्हणाला, "मुनाफ, तुझीच बिल्डिंग आहे. गच्ची साफ कर, नाहीतर यल्ला, गावाला जा." नोकरी गेली की व्हिसा गेला. व्हिसा गेला की फहादचं ऑपरेशनही गेलं.

ह्यांनी सापळा लावला, आत ब्रेड टाकला. एक साळुंकी आत शिरेल तर शपथ! मेल्या कठड्यावर बसून माझी वाट बघत होत्या. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी हे खाली आले, दारातच थांबले.

"शरीफन, त्या तुला ओळखतात. तांदूळ तू घाल."

मी भांडले. तोंडाला येईल ते बोलले. पोराच्या सदक्यावर जगलेली पाखरं मीच मारायला देऊ? ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तूच सांग, मी काय करू?"

राग तिथंच खलास. नुसतं रडू आलं.

डब्यातले तांदूळ घेतले आणि वर गेले. सापळ्यात हात घालून पसरले. मी बाजूला व्हायच्या आतच त्या आत घुसल्या, एकमेकींना ढकलत. ह्यांनी सापळ्याचं दार पाडलं, वरून चादर टाकली. आम्ही सापळा धरून जिना उतरलो, तर फहाद दारात उभा.

"अम्मी, डिड दे ईट?"

"हो बाळा, खाल्लं."

"देन आय विल गेट वेल, ना?"

मी हो म्हटलं. चादरीखाली पंख आपटत होते. हे सापळ्याच्या पुढं होऊन उभे राहिले, आणि त्याला जवळ घ्यायला ह्यांचे हात काही पुढं येईनात.