सात ते साडेसातची पाच मिनिटं

इम्तियाज शेख रोज सकाळी सहा ते दहा आमच्या एफएम केंद्रावर बोलतो. त्या वेळेत मी बाहेरच्या टेबलाशी बसून नोंदी ठेवते. कोणती जाहिरात किती वाजून किती मिनिटांनी लागली, निवेदक कधी काय बोलला, हे सगळं संगणकाच्या घड्याळाप्रमाणे वहीत उतरवायचं. माझ्या टेबलावर बुद्धांचा लहान फोटो आहे. त्यांच्यासमोर त्रिसरण-पंचशील म्हणायचं आणि मग वही उघडायची. तेवढा वेळ इम्तियाज स्टुडिओचं दारसुद्धा आवाज न करता लावतो.

अंगाने किडकिडीत, आवाज मात्र भरदार. त्याला भेटायला आलेले लोक त्याच्याच खांद्यावरून पलीकडे बघत विचारतात, "इम्तियाज कुठे भेटतील?" हा म्हणतो, "आत्ताच चहाला गेले, बसा." आणि खरंच त्यांना बसवून चहा पाजतो. येताना मंडईत डोकावून भाजीचे भाव घेऊन येतो. मग माईकवर सांगतो, "आज मेथीच्या वाटेला जाऊ नका, तिचं डोकं ठिकाणावर नाही." असा खोडकरपणा वरच्यांना चालायचा. ऐकणारे वाढायचे ना.

त्याची बायको नाजिमा महापालिकेच्या शाळेत गणित शिकवते. घर कात्रजला, बस सात वीसची. ती हमखास चुकायची. तीन वेळा उशीर झाला की एक रजा कापतात. इम्तियाजने घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं, तर नाजिमा मनातल्या मनात दहा वजा करायची. गणिताचीच बाई ती.

गेल्या नोव्हेंबरात एके दिवशी सात वाजून बारा मिनिटांनी तो म्हणाला, "वेळ झालीय सात सतरा." मला वाटलं, जीभ घसरली. दुसऱ्या दिवशी तेच. साडेसातच्या बातम्यांनंतर मात्र घड्याळ जागेवर. दहाला तो बाहेर आला तेव्हा मी म्हटलं, "इम्तियाज, हे काय चाललंय?"

"ताई, घरातल्या घड्याळावर तिचा विश्वास नाही. रेडिओवर आहे."

"अरे, पण सगळं पुणं ऐकतंय."

"पुण्याला पाच मिनिटं लवकर बाहेर काढायला कोणीतरी हवंच होतं."

"मी वहीत खरी वेळच लिहिणार हं."

"लिहाच. तुम्ही खोटं लिहायला लागलात तर मलाच झोप यायची नाही."

नाजिमाला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने रेडिओतूनही पाच वजा केले असते. मी वरच्यांना सांगायला हवं होतं. कोणी विचारलं नाही, मी बोलले नाही. नाजिमाला बस मिळत होती, हेही खरं.

आता आमच्याकडे वेळसुद्धा जाहिरातीसकट सांगतात. ती जाहिरात होती बुधवार पेठेतल्या घारपुऱ्यांच्या घड्याळांच्या दुकानाची. फेब्रुवारीच्या शेवटी अनिरुद्ध घारपुरे स्वतः केंद्रावर आले. हातात तक्रारींची यादी लिहिलेला कागद. आमच्या कार्यक्रमप्रमुख निकिता मॅडमसमोर तो ठेवला.

"महिन्याभरात अकरा गिऱ्हाइकं आली. सगळ्यांची एकच तक्रार, घड्याळ पाच मिनिटं मागे पडतंय. मी प्रत्येक घड्याळ उघडून पाहिलं. घड्याळं ठणठणीत आहेत. मग काल सकाळी तुमचा रेडिओ लावला. माझ्या दुकानाचं नाव घेऊन तुम्ही चुकीची वेळ सांगताय. आता दुकानावर पाटी लावतो, वेळ विचारायची असेल तर शेजारी जा."

मॅडमनी आम्हा दोघांना आत बोलावलं. इम्तियाजचा करार मार्चअखेर संपत होता आणि पुढचा करायचा की नाही, हे त्यांच्याच हातात होतं. मी खरं तेच सांगणार हे माहीत असल्याने तो माझ्याकडे बघत नव्हता. मॅडमचं वय सत्तावीस, पण एकदम कडक.

"आम्रपालीताई, तुम्हाला माहीत होतं?"

खोटं न बोलण्याचं शील मी रोज घेते. "हो," म्हटलं. "नोव्हेंबरपासून. वहीत रोज खरी वेळ आहे. तुम्हाला सांगितलं नाही, ती माझी चूक."

"आणि त्याने असं का केलं?"

"ते त्याने सांगावं."

इम्तियाजने सांगितलं. घड्याळ, बस, कापलेली रजा, सगळं. मॅडम ऐकत राहिल्या. "सीरियसली? बायकोच्या बससाठी अख्खं शहर पाच मिनिटं पुढे? इम्तियाज, तुझा करार मी कोणत्या तोंडाने पुढे पाठवू?"

त्याने टेबलावरचा घारपुऱ्यांचा कागद सरळ करून ठेवला.

घारपुरे चष्मा पुसत होते. "आमची बायको बस चुकली की मलाच बोलते. मला काही असा उपाय सुचला नाही," ते म्हणाले. मग मॅडमकडे वळून, "काढू नका त्याला. लोक म्हणतील, घड्याळवाल्याने घरी बसवला. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं, त्याच वेळेला. मग तुमचं तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी इम्तियाजने गाणं थांबवलं. "आत्ता सात दहा झालेत. खरे सात दहा. गेले काही महिने सात ते साडेसात मी तुम्हाला पाच मिनिटं पुढची वेळ सांगत होतो. घारपुऱ्यांच्या घड्याळांचा दोष नाही, माझा आहे. घरातल्या एका माणसाची बस चुकू नये म्हणून केलं. माफ करा."

फोन खणखणायला लागले. मीच घेत होते. एका बाईंची मुलं चार महिने वेळेवर शाळेत पोचत होती, त्यांना ती पाच मिनिटं पुढची वेळच परत सुरू व्हायला हवी होती. एक आजोबा म्हणाले, "थंडीत रोज पाच मिनिटं जास्त उभा राहिलोय स्टॉपवर. ती कोण भरून देणार?" सगळं वहीत लिहिलं.

मॅडमनी निकाल दिला. पंधरा दिवस माईक बंद, माझ्या शेजारी बसून नोंदी लिहायच्या. या पंधरा दिवसांत एकही तक्रार आली नाही तर करार पुढे जाईल.

इम्तियाजने वही अशी लिहिली की मला खोडायला काही राहिलं नाही. त्याच्या जागी दुसरी मुलगी बोलायची आणि हा मान खाली घालून मिनिटं टिपायचा. दुसऱ्या आठवड्यात मी सहज विचारलं, "नाजिमाची बस?"

"एकदाही चुकली नाही, ताई." चेहरा पडलेला. "वेळ बरोबर सांगतायत, तरी चुकली नाही. मग मी चार महिने काय केलं?"

करार झाला त्या संध्याकाळी नाजिमा शिरखुर्म्याचा डबा घेऊन केंद्रावर आली. त्याने माझ्यासमोरच तिला विचारलं, आता बस कशी मिळते म्हणून.

नाजिमा डब्याचं झाकण काढत होती. "पर्स खांद्याला लावून मी रोज रेडिओसमोर उभी राहायचे. एवढं बोलणं संपलं की निघू, एवढं संपलं की निघू. हे पंधरा दिवस तुम्ही नव्हता. मग कशाला थांबायचं?"

इम्तियाजने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "उद्यापासून मी परत आहे," तो म्हणाला.

"माहितेय," ती म्हणाली. "उद्यापासून सातलाच रेडिओ बंद करते. ताई, वाटी आहे का?"