दिराचा हॅमस्टर

माझा धाकटा दीर बहारीनमध्ये, मुहर्रकला, आमच्याच फ्लॅटमध्ये राहतो. स्वतःचा चहाचा कप विसळत नाही, पण एका शुक्रवारी भलामोठा पिंजरा घेऊन आला. बहारीन सोडून निघालेल्या कुणा सहकाऱ्याने गळ्यात मारलेला.

"वहिनी, हा दुकानातला हॅमस्टर नाही. युरोपातला रानटी आहे. शेतात बिळं करून राहतो."

"मग शेतात ठेवा ना, भावजी."

प्राणी मांजरीच्या पिल्लाएवढा होता. पाठ तपकिरी आणि पोट काळंकुट्ट, चिखलात लोळून आल्यासारखं. काबुली चणे टाकले की खायचा नाही, गालात कोंबायचा. तोंड सुजल्यासारखं दिसेपर्यंत कोंबायचा आणि कोपऱ्यात नेऊन ओतायचा. जवळ गेलं की मागच्या पायांवर उभा राहून दात वाजवायचा. त्याला जोडीदारही नको म्हणे, एकटाच राहतो. त्याच्या या माणूसघाणेपणाचं दिराला भारी कौतुक. "स्वाभिमानी आहे," म्हणायचा.

त्याला उकडू नये म्हणून दिराने आपल्या खोलीतला एसी दिवसरात्र इतका थंड ठेवला की मी शाल घेऊन केर काढायचे. एका सकाळी तो पिंजऱ्यापुढे मांडी घालून रडत बसलेला दिसला. हॅमस्टर गोळा होऊन पडला होता, गार, श्वासही दिसेना. आजोबा गेले तेव्हाही न रडलेला हा माणूस उंदरासाठी हुंदके देत होता. मी जुनं वर्तमानपत्र आणून दिलं.

गुंडाळायला म्हणून त्याने त्याला ओंजळीत उचलून छातीशी धरलं. ऊब लागल्यावर बऱ्याच वेळाने मिशा हलल्या.

"वहिनी, जिवंत आहे!" तो ओरडला, आणि हॅमस्टरने त्याच्या बोटाचा कडकडून चावा घेतला.

सलमानियाच्या इस्पितळात इंजेक्शन घेऊन आम्ही पिंजऱ्यासकट अदलियातल्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर हसले. हा थंडीत असाच निपचित झोपतो, अधूनमधून उठून साठवलेलं खातो आणि पुन्हा झोपतो, म्हणाले. तुमच्या एसीला तो हिवाळा समजला. असला प्राणी घरात ठेवायचा नसतो, असं सांगून त्यांनी तो स्वतःकडे ठेवून घेतला, योग्य जागी पोचवतो म्हणाले. दिराने डोळे पुसले. मी एसी बंद करायला घरी आले.

पुढे गणपतीत, आरतीनंतर, तोच दीर चारचौघांना प्राण्यांच्या थंडीतल्या झोपेबद्दल समजावून सांगत होता. बायका माना डोलावत होत्या. मी प्रसाद वाटायला उठले.