पुन्हा पुन्हा उघडा पडणारा पाइप

आषाढात आमच्या लॉन्ड्रीतल्या एका पाइपने मला अक्षरशः रडकुंडीला आणलं होतं...

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी महाडला स्टीम लॉन्ड्री चालवते. गडाखालच्या हिरकणीवाडीच्या होम-स्टेपासून हायवेवरच्या हॉटेलांपर्यंत सगळ्यांचे चादरी-टॉवेल माझ्याकडे येतात. पुरानंतर बॉयलर मागच्या उंच चौथऱ्यावर नेला, त्यामुळे वाफेचा पाइप अख्खी शेड ओलांडून ड्रायरपर्यंत येतो. उघडाच होता... हात लागला की चटका.

यंदा बॉयलर इतकं जळण खायला लागला की काही पुरेना. नवऱ्याने सरळ सांगून टाकलं, हा पावसाळा असाच गेला तर दिवाळीआधी शटर खाली. मी मनात म्हटलं, बघतेच! या शेडवर माझ्या एकटीचं घर चालत नाही, कामाला येणाऱ्या सगळ्या बायकांची घरं चालतात.

त्याच सुमारास एका राष्ट्रीय संघटनेची माहिती मिळाली. ऊर्जा बचतीचं सरकारी धोरण आमच्यासारख्या छोट्या धंद्यांत प्रत्यक्ष उतरवायला ते मदत करतात. त्यांचा इंजिनिअर आला, निखिल, मूळचा अकोल्याचा. उष्णता दाखवणारा कॅमेरा त्याने पाइपवर धरला तर स्क्रीन लालभडक! म्हणाला, "ताई, तुम्ही चादरी कमी आणि शेड जास्त तापवताय."

पाइपला गुंडाळायची, उष्णता आत धरणारी गादी आणली, वरून चंदेरी फॉइल, तारेने घट्ट बांधून घेतलं. महिन्याभराने तो परत मोजायला येणार होता. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

कसलं काय... दोन-चार दिवसांत इस्त्रीच्या टेबलाजवळ पाइप हातभर उघडा! मी परत बांधला. परत उघडा. मी म्हटलं, घूस असणार. निखिल फोनवर म्हणाला, घुशी असलं काही खात नाहीत. मी त्याला सांगितलं, बाळा, तू महाडच्या घुशी पाहिल्या नाहीस.

पिंजरा आणला, त्यात सुका बोंबील लावला. सापडलं शेजाऱ्यांचं मांजर... त्यावरून शेजारीण माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हती ते वेगळंच. पाइप मात्र उघडा तो उघडाच, आणि बॉयलरची भूक काही कमी होईना.

मग एक दिवस मी हिरकणीवाडीला चादरी पोचवायला गेले. धुकं इतकं की गडावर जाणारा रोपवे बंद, पाहुणे नाहीत. गठ्ठे तसेच घेऊन जेवणाच्या सुट्टीतच परत आले, एरवी त्या वेळी मी शेडमध्ये नसते.

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि बघतच राहिले. तारेची गाठ नीट सोडलेली, गादीची घडी घालून बाजूला ठेवलेली, आणि गरम पाइपवर ओळीने शाळेचे गणवेश! निळे फ्रॉक, पांढरे शर्ट, एवढेसे मोजे... खाली बायका डबे उघडून बसलेल्या. घास हातात तसेच राहिले त्यांचे.

माझं डोकंच फिरलं. बॉयलर, जळण, दिवाळी, शटर... मनात दाबून ठेवलेलं सगळं मोठमोठ्याने बाहेर पडलं.  तेव्हा शेवंतामावशी उठल्या. वरंधहून येतात, सगळ्यांत थोरल्या.

"ताय, घरात चार-चार दिस कापडं सुकत नाय गो. पोरीला वला फ्राक घालून धाडू काय शाळंत? खोकून खोकून बेजार झालीय ती." मग म्हणाल्या, "आनि हितलं काम बंद पडायला आलंय, ह्ये आमाला कोन बोल्लं?"

 खरंच, मी कोणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या मागे कोरड्या, पांढऱ्याशुभ्र चादरींचा डोंगर होता, एका रात्रीपुरत्या येणाऱ्या लोकांसाठी. आणि तो डोंगर वाळवणाऱ्या बायकांची पोरं ओल्या कपड्यांत शाळेत बसत होती... मला लाज वाटली.

पण नुसती लाज वाटून पाइप झाकला जात नाही. मी तिथेच डबा उघडून त्यांच्यात बसले आणि म्हटलं, पाइप झाकायचाच आहे आणि पोरांचे कपडेही वाळायलाच हवेत. काय करायचं बोला. निखिललाही फोन लावून स्पीकरवर घेतला. बराच खल झाला. शेवटी ठरलं की संध्याकाळी चादरींचा शेवटचा घाणा निघाला की वाफ बंद करायची. ड्रायरचा ड्रम तेव्हा चांगला तापलेला असतो. त्यात घरचे कपडे टाकायचे आणि नुसता पंखा फिरवायचा.

गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या मशीनमध्ये घरचा कपडा घालायचा नाही, हा लॉन्ड्रीचा नियम. तो मी त्या दिवशी मोडला. आता शेवटचा घाणा आमचा!

पाइप शेवंतामावशींनी स्वतः बांधला. तारेला अशी काही गाठ मारली की फिटरलाही सुटायची नाही. परत कधी उघडा दिसला नाही.

महिन्याने निखिल आला. कॅमेऱ्यात पाइपभर कुठेच लाल नव्हतं, आणि जळण चांगलंच उतरलं होतं. नवऱ्याने शटरचा विषय परत काढलेला नाही. काढू दे... माझी तयारी आहे.

परवा संघटनेने इथल्या छोट्या कारखानदारांची बैठक घेतली आणि मला बोलायला उभं केलं. पहिला प्रश्न आला, गादी किती जाड घ्यायची? मी म्हटलं, ते निखिल सांगेल. तुम्ही आधी एकदा जेवणाच्या सुट्टीत न सांगता आपल्याच शेडमध्ये जा. तुमच्या पाइपवर कोणाच्या पोराचा शर्ट वाळतोय ते बघा... तो कुठे वाळवायचा ते ठरवा, आणि मगच पाइप गुंडाळा.