इंग्रजीत कच्ची

बारावीच्या वर्षी हसनाबादेत माझं इंग्रजी कच्चं असल्याची बातमी फिरली, आणि ती कुणी फिरवली हे शोधण्यात माझं निम्मं डोकं खर्ची पडलं. गिरणीत दळण घेऊन गेले तर गिरणीवाली मावशी म्हणाली, "इंग्रजीत आटकून राह्यलीस म्हणं? आसू दे, पोरीच्या जातीला काय करायचं!" मी इंग्रजीत कधीच नापास झाले नव्हते. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. गावात गाय अडली की डॉक्टर येईपर्यंत सगळे तिच्याभोवती हात बांधून उभे राहायचे, ते मला बघवत नसे. नंबर 'नीट'च्या मार्कांवर लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बारावीचं मात्र कुणी मनावर घेत नव्हतं. जालन्याच्या क्लासचे सर म्हणायचे, बोर्डाकडे बघूच नका, इंग्रजीत पास झालात तरी पुरे.

वडिलांचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांची हयात जनावरांच्या बाजारात गेलेली. "दात बघू नका म्हणणाऱ्याचं जनावर मी घेत न्हाई," म्हणाले आणि थेट सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आले. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी, चारही मिळून निम्मे मार्क हवेत. नाहीतर 'नीट'ला कितीही पडोत, दार बंद. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते मला इंग्रजीचं पुस्तक मोठ्यानं वाचायला लावत. एक अक्षर कळत नसताना समोर बसून ऐकत.

मला त्यांचाही संशय येऊ लागला. कडक इस्त्रीचे पाहुणे घरी येत, चहा होई, मी दारात आले की बोलणं थांबे. स्थळ बघून राह्यलेत आणि मला इंग्रजीत गुंतवून 'नीट' बुडवतायत, असं मी मनाशी पक्कं केलं. बातमी पसरवणारी मात्र चुलतीच असणार. तिचा मुलगा माझ्याच क्लासला होता. तिच्याशी मी बोलणंच सोडलं.

निकाल लागला. फिजिक्सनं माती खाल्ली होती. तिन्ही शास्त्रं मिळून निम्म्याच्या खालीच राहिली. इंग्रजी धरलं तेव्हा कुठे मी वर आले, तेही जेमतेम. पुढे 'नीट'वर नंबर लागला. क्लासमधल्या एकीला माझ्याहून जास्त मार्क होते, पण बारावीनं तिला बाहेर ठेवलं.

चुलती पेढा खायला आली तेव्हा मी सरळच विचारलं, "माझं इंग्रजी कच्चं म्हणून तूच सांगितलंस ना गावभर?"

"मी कशाला सांगू गं बाई? तुझ्या बापानंच सांगितलं. पाव्हणे आल्ते ना तुला मागायला, दर येळेला तेच. पोरगी इंग्रजीत लई कच्ची, बारावी सुटती का न्हाई भरोसा न्हाई, तुमच्या इंजिनेर पोराला शोभायची न्हाई म्हणे. लोक आपले गेले माघारी."

मी तशीच गोठ्यात गेले. बाजारातली एक गोष्ट वडील नेहमी सांगत: भावांच्या आग्रहानं बैल बाजारात आणलेला, पण मनातून विकायचा नसलेला मालक गिऱ्हाइकाला आपणच सांगतो, लाथ मारतो म्हणून. ती आठवली आणि मला हसू आलं, रडूही आलं.

"बाबा, तुम्ही माझी एवढी बदनामी केली?"

त्यांनी म्हशीपुढे पेंढी सोडली. मान वर न करता म्हणाले, "मंग काय सांगायचं व्हतं? लाथ मारती म्हणू?"