बाजारातला बुरखा आणि वाढलेली बांगडी

कल्याणच्या बाजारपेठेतल्या चोऱ्यांचं ते प्रकरण इतक्या वर्षांनीही मला कालच्यासारखं आठवतं. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती आणि मी नवा फौजदार होतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. तालुक्याच्या गावातल्या मास्तरांनी हाताला धरून शिकवलं, म्हणून अंगावर वर्दी आली. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

आधी कापडाच्या दोन दुकानांतून लुगडी गेली. मग एका सराफाकडचे चांदीचे पैंजण गेले. तिन्ही फिर्यादींत वर्णन एकच होतं, काळ्या बुरख्यातली बाई. हे वर्णन माणसाचं नव्हे, कापडाचं झालं. पण व्यापाऱ्यांना तेवढं पुरलं. बाजारात तोंड झाकून फिरायला मनाई करावी, असा अर्ज त्यांनी नगरपालिकेकडे दिला आणि गावात वादाला तोंड फुटलं. चौकीसमोरच्या हॉटेलात रोज तोच विषय.

"चोरीचं राहू द्या हो, बायकांना कोंडून ठेवायची रीतच वाईट. बंदी हवीच," एक वकील म्हणाले.

"मग तुमच्या घरापासून सुरुवात करा," त्यांचे मित्र म्हणाले. "वहिनींचा डोक्यावरचा पदर आम्ही अजून ढळलेला पाहिला नाही."

हशा पिकला. मात्र बाजारात दुकानदार बुरख्यातल्या बायकांना पायरीवरूनच परत पाठवू लागले होते, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

एका सकाळी स्टेशनबाहेरच्या अड्ड्यावरचा एक वयस्कर टांगेवाला चौकीवर आला. बरोबर मॅट्रिकला बसणारी मुलगी होती, बुरख्यात.

"साहेब, शाळेची वाट बाजारातनं जाते. हा कायदा झाला तर मी पोरीला घरी बसवणार. उघड्या तोंडानं नाही धाडायचा."

"चाचा, परीक्षा तोंडावर आलीय," मी म्हणालो.

"ते मला सांगू नका. ज्यांनी अर्ज केलाय त्यांना सांगा."

तेवढ्यात मुलगीच बोलली, "साहेब, बुरखा मला आवडतो की नाही, हे कुणी विचारलंच नाही. अब्बांनी नाही आणि नगरपालिकेनंही नाही. ते भांडण मी घरात बघून घेईन. तुम्ही फक्त चोर पकडा."

"बघा, अशी बोलते!" बाप म्हणाला. पण आवाजात राग कमी आणि कौतुक जास्त होतं.

मी सराफाचा जबाब पुन्हा घ्यायचं ठरवलं. माणूस काय झालं ते सांगताना शब्द गाळतो, हा माझा अनुभव आहे.

"बाई काय बोलली?" मी विचारलं.

"काय बोलणार? बायका बोलतात तेच."

"तिचेच शब्द सांगा."

"पैंजण बघताना तिचा हात पेटीवर आपटला न् काचेची बांगडी गेली. म्हणाली, 'अगंबाई, वाढली वाटतं!' मी काचा गोळा करायला वाकलो, तेवढ्यात ती पसार."

मी थबकलो. बांगडी 'फुटली' असं बोललं, की माझी आई पाठीत धपाटा घालायची. सवाष्णीची बांगडी फुटत नाही, ती वाढते. सराफाच्या घरातही हाच शब्द, त्यामुळे त्याला त्यात वेगळं काही दिसलं नव्हतं. कल्याणचे मुसलमान बाजारात आपल्यासारखंच मराठी बोलतात, म्हणून भाषेचाही संशय आला नाही.

आमचे एक हवालदार टांगेवाल्याच्याच मोहल्ल्यातले. त्यांना विचारलं, "तुमच्या घरी बांगडी फुटली तर काय म्हणतात?"

"फुटली म्हणत नाहीत साहेब, अशुभ असतं. चुडी ठंडी झाली म्हणतात." मग माझ्याकडे बघून ते हळूच हसले. "वाढली तर तुमच्यात."

शब्दावरून अटक करता येत नाही, पण दिशा मिळते. बाई बुरखा घालून घरातून निघत नसेल, तर तो वाटेत कुठेतरी चढवत असणार; बाहेरगावच्या बाईला त्यासाठी आडोसा स्टेशनवरच. मी टांगेवाल्याला बोलावून सांगितलं, की स्टेशनवर नजर ठेवा. त्याने सगळा अड्डा कामाला लावला. बाजाराच्या दिवशी खबर आली: बायकांच्या वेटिंग रूममध्ये लुगडं नेसलेली एक बाई पिशवी घेऊन गेली, आणि बाहेर आली ती बुरख्यात. तिला टांग्यात बसवून आणलं ते त्यानेच, थेट चौकीच्या दारात.

दवाखान्यातल्या नर्सबाईंना पंच म्हणून बोलावलं आणि झडती त्यांच्याकडून घेतली. पिशवीत आधी चोरीला गेलेल्यांपैकी एक नवं लुगडं निघालं, विकायला काढलेलं. बाई चांगल्या घरातली, कळव्याची. मी चहा मागवला आणि सहज विचारलं, "बाई, उजव्या हातात एक बांगडी कमी दिसते. वाढली का?"

"हो ना, त्या दिवशी सराफा..." ती म्हणाली आणि तिने जीभ चावली. मग रडत सगळं सांगितलं. पैंजण कळव्याच्या घरी, तांदळाच्या डब्यात मिळाले.

"बुरखाच का?" मी विचारलं.

"चोरी झाली की लोक त्यांच्याच दारात जाणार. माझ्याकडं कोण बघतंय?"

तिचा हिशेब चुकला नव्हता. आम्हीही आधी मोहल्ल्यातच चौकश्या केल्या होत्या.

व्यापाऱ्यांनी अर्ज मागे घेतला. हॉटेलातला वाद मात्र थांबला नाही, आणि तो थांबावा असंही मला वाटत नाही. रीतींबद्दल माणसांनी बोलावं. पण चोरीच्या तपासाने रीतीचा निवाडा करू नये आणि रीतीवरून चोर ठरवू नये, एवढं मी या प्रकरणात शिकलो. पुढे प्रत्येक फिर्यादीत मी पहिला प्रश्न हाच विचारत आलो, की हे तुम्ही पाहिलंत, की धरून चाललात?

मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी टांगेवाला पेढे घेऊन आला.

"पास झाली साहेब! आता मास्तरीण व्हायचं म्हणते."

"आणि बुरख्याचं काय?"

"रोज भांडते माझ्याशी. तिची आई पण फुटून तिच्या बाजूला गेली."

"मग जिंकतंय कोण?"

"कुठलं काय? तारखेवर तारीख पडतेय."

मी पेढा तोंडात टाकला. तो खटला आमच्या हद्दीतला नव्हता.